प्रभाआत्याच्या नऊ फायली

कॉम्प्युटरमधल्या त्या इवल्याशा प्रोग्रामला शीलानं हमाल असं नाव ठेवलं होतं. कुठल्याशा मासिकासोबत आलेल्या सीडीवर तो सापडला होता. उघडला की दोन चौकटी दिसायच्या, एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला, आणि मधे बाण. डावीकडचं गाठोडं उचलायचं आणि उजवीकडं नेऊन टाकायचं, एवढंच त्याचं काम. गाठोड्यात काय आहे ते तो बघत नसे. बाजार समितीच्या आवारातला हमाल पोतं पाठीवर घेताना निदान हुंगतो तरी. माल ओला की वाळला हे त्याला खांद्यावरच कळतं. या हमालाला तेवढंही नाक नव्हतं.

त्याच सीडीवर आणखी एक प्रोग्राम होता, त्याचं नाव तिनं जुळी ठेवलं. एका कप्प्याची हुबेहूब दुसरी प्रत करून ठेवायची, आणि पहिल्यात बदल झाला की रोज संध्याकाळी दुसऱ्यातही तोच बदल करायचा. एकीला रडू आलं की दुसरीनं रडायचं. एखादी फाईल बिघडली, हरवली तर दुसरीकडं ती असावी म्हणून शीलानं जुळी बसवली होती. फुलसावंगीच्या बौद्धवाड्यातली पोर, घरात पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावणारी. तिला वाटायचं, दोन ठिकाणी ठेवलेली वस्तू जात नसते.

ती महागावला एका संस्थेच्या केंद्रात कामाला होती. ती वर्षं कापसाच्या पडझडीची. जिल्ह्यात विचारणारे फार येत. गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, कागद यायचे. बोंडअळी कधी पडली, फवारणी किती वेळा केली, घरात कोण गेलं, कधी गेलं. लोक सांगून सांगून थकले होते आणि विचारणारे काही थकले नव्हते. शीलाचं केंद्र त्यातलंच एक. कापूस वेचणाऱ्या बायांची निवेदनं गोळा करायची, टाईप करायची आणि पुण्याला धाडायची. केंद्राचे प्रमुख वामनराव, जवळच्याच गावचे, पांढऱ्या शर्टाचे सज्जन गृहस्थ. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये दोनच कप्पे करून दिले होते. एक ‘निवेदने’. दुसरा ‘इतर’. जे निवेदन नाही ते सगळं इतर.

कार्तिकात पुण्याहून आवाज धरून ठेवणारं मशीन आलं. तळहाताएवढं, काळंभोर, दोन सेलवर चालणारं. वामनरावांनी ते शीलाच्या हाती दिलं आणि सांगितलं, आधी कुठंतरी चालवून बघा. शीलानं चालवून बघायला जागा शोधली नाही. शनिवारी दुपारी फुलसावंगीला उतरली ती थेट प्रभाआत्याच्या दारात.

प्रभावती ही तिच्या बापाची थोरली बहीण. तिच्या ओव्या साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. लग्नात तीच, बारशाला तीच, चौदा एप्रिलला विहारासमोर पहिला आवाज तिचाच. कापसाच्या ओळीत ती पुढं असली की मागच्या बायांचे हात आपोआप तिच्या ठेक्यावर चालत, आणि वावराचा मालक म्हणे की प्रभावतीला रोज बोलवा, माल लवकर निघतो. तिला स्वतःला मात्र कौतुक सोसत नसे. कोणी वा वा केली की ती म्हणायची, मले नोका म्हनू, जात्याले म्हना.

त्या दिवशीही ती नुसती बसून म्हणायला तयार झाली नाही. जात्याबिगर ओवी कशी येईल, हात फिरल्याबिगर गळा कसा फिरेल. दळण तर आता चक्कीवर जात होतं. जातं उरलं होतं तुरीची डाळ भरडायला. तिनं पावशेर तूर घेतली, पदर खोचला, खुंट्याला हात घातला. शीलानं मशीन उंबऱ्यावर ठेवलं आणि लाल दिवा लावला.

आठ ओव्या झाल्या. बाबासाहेबांची एक, सासरच्या विहिरीची एक, मेलेल्या बैलाची एक, बाकीच्या वेचणीच्या. प्रत्येक ओवी संपली की शीला बटण दाबायची, मशीनच्या छोट्याशा पडद्यावर आकडा पुढं सरकायचा. आठवी झाल्यावर आत्यानं जातं थांबवलं. तोंडावरून पदर फिरवला.

“आता एक उर्वशीची,” ती म्हणाली. “तिले समोर सांगाले मले तोंड नाही, शीले. यातून ऐकव तिले कधी.”

उर्वशी ही आत्याची एकुलती एक. चार वर्षांपूर्वी तिला नर्सचं शिकायचं होतं. यवतमाळला नंबरही लागला होता. तेवढ्यात बाभुळगावचं स्थळ चालून आलं, घर चांगलं, पोरगा नोकरीचा, आणि आत्याला वाटलं हे गेलं तर पुन्हा येणार नाही. नंबर गेला, लग्न झालं. पाठवणीच्या वेळी उर्वशी रडली नाही. गाडीत बसताना आईला एवढंच म्हणाली की आता तुझ्या उंबऱ्यात पाय टाकीन तो तुझ्या मातीलाच. तेव्हापासून आली नव्हती. आत्याही गेली नव्हती. दोघींचा हट्ट एकाच मातीचा.

तर आत्यानं नववी ओवी म्हटली. ती इतर ओव्यांपेक्षा लांब होती. जात्याची घरघर हळू झाली होती, मधे एकदा थांबलीसुद्धा. पण शीलाचं लक्ष होतं लाल दिव्याकडं. शेजारची कोंबडी मधे येऊ नये म्हणून ती एका हातानं तिला हाकलत होती. पडद्यावरची काटेरी रेघ वरखाली होते की नाही ते बघत होती. पहिल्या दोन ओळी तेवढ्या कानात शिरल्या:

पांढरं गं शिवार, बोंडाचं टोचे नख
लेकीले दूर देल्लं, मलेच लागे दुख

पुढं काहीतरी पाटीचं होतं, लिहायच्या पाटीचं. आणखी चारसहा ओळी होत्या. शीलाला वाटलं, नंतर ऐकू निवांत. मशीन ऐकत होतं म्हणून तिनं ऐकलं नाही.

सोमवारी तिनं मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि हमालाला कामाला लावलं. नऊ फायली, ध्वनी-एक ते ध्वनी-नऊ, ‘इतर’ कप्प्यात जाऊन बसल्या. जुळीनं संध्याकाळी त्यांची प्रत केली. मशीन रिकामं झालं. उर्वशीसाठी सीडी करायची होती, पण लाईन गेली. मग दुसऱ्या दिवशी निवेदनांचा गठ्ठा आला. आत्या दोनदा फुलसावंगीच्या माणसाजवळ निरोप धाडून विचारती झाली, पाठवलं का वं पोरी? शीलानं दोन्ही वेळा सांगून पाठवलं, होऊन राह्यलं आत्या, याच आठवड्यात.

लाईनीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दिवसाचे आठआठ, दहादहा तास वीज नसायची. कधी जाईल याचं वेळापत्रक चावडीवर लागायचं आणि वीज काही ते वाचत नसायची. जेवढा वेळ लाईन आहे तेवढ्यात टाईप करायचं, छापायचं आणि फायली इकडून तिकडं न्यायच्या. हमालाची एक खोड होती. उजवीकडं त्याच नावाची फाईल आधीच असली की तो मधेच थांबायचा आणि इंग्रजीत विचारायचा, या नावाचं इथं एक आहे, त्याच्या जागी हे ठेवू का? निवेदनं दुरुस्त करून पुन्हा पुन्हा त्याच नावानं ठेवावी लागत, त्यामुळं हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा. शीला पाण्याची घागर आणायला गेली की हा इथं प्रश्न विचारून उभा, उत्तर मिळेपर्यंत पाऊल हलवायचा नाही, आणि ती परत येईतो लाईन गेलेली. अख्खी दुपार वाया. प्रश्नाखाली एक चौकोन होता: ‘यस टू ऑल’. हो, सगळ्यांना. दिवाळीच्या सुमारास एकदा वैतागून तिनं त्यावर खूण केली. हमालानं पुन्हा कधी विचारलं नाही. शीलाला तो गुणी वाटायला लागला.

पौषात एक कार्यक्रम ठरला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक अधिकारी येऊन कापसावर मार्गदर्शन करणार होते. वामनराव म्हणाले, साहेबांचं सगळं बोलणं धरून ठेवा. शीलानं मशीन काढलं तर सेल मंदावलेले. अशा वेळी जे तिच्या घरी रेडिओच्या सेलचं करतात, बॅटरीच्या सेलचं करतात, जे आत्याच्या अंगणात तिनं लहानपणापासून पाह्यलं होतं, तेच तिनं केलं. सेल काढले, केंद्राच्या टिनाच्या छपरावर उन्हात ठेवले. सकाळी ठेवलेले दुपारी तीनला उतरवले. हाताला चटका बसावा इतके तापले होते. मशीनमध्ये घातले आणि मशीन टकटकीत चालू झालं.

फक्त त्या मशीनचा एक गुण तिला कोणी सांगितला नव्हता. सेल बदलताना ते मिनिटभर आपली आठवण धरून ठेवतं. दुपारभर नाही धरत; मग आतले आवाजही जातात आणि आकडाही. तोवर चाळीस-पन्नास आवाज घेऊन झाले होते, आकडा पुढं पुढं गेला होता. त्या दुपारनंतर मशीन पुन्हा एकापासून मोजायला लागलं. साहेब बोलले, सरपंच बोलले, खताच्या कंपनीचा माणूस बोलला. ध्वनी-एक ते ध्वनी-अकरा. दुसऱ्या दिवशी लाईन होती तेवढ्यात शीलानं हमालाला सांगितलं, हे ‘इतर’मध्ये टाक. भाषण काही निवेदन नव्हे. हमालानं उचललं, नेलं, टाकलं. विचारायची त्याला मनाई होती.

संध्याकाळी जुळीनं आपलं काम चोख केलं.

माघात प्रभाआत्या गेली. छातीत कळ आली म्हणाली, पाणी मागितलं, पाणी आणेपर्यंत संपलं. उर्वशीला निरोप गेला. बाभुळगावहून यवतमाळ, यवतमाळहून महागाव, तिथून काळीपिवळी जीप. ती पोहोचली तेव्हा लोक माती देऊन परत येत होते. हातपाय धुवायला बादली ठेवलेली. बोलल्याप्रमाणे ती आईच्या मातीला आली होती, आणि तीसुद्धा तिला मिळाली नाही.

ती भिंतीला टेकून बसली. डोळे कोरडे. बाया गळ्यात पडत होत्या आणि ती खांबासारखी. शीला तिच्याजवळ सरकली आणि तिच्या कानाशी म्हणाली की अक्का, आत्याचा आवाज माझ्याजवळ आहे. नऊ ओव्या आहेत. नववी तुझी.

उर्वशीनं तिचं मनगट धरलं. “मायनं माह्यासाठी म्हटली?”

“तुले ऐकव म्हनली. समोर सांगाले तोंड नाही म्हनली.”

तेव्हा कुठं उर्वशी रडली. असं रडली की बाहेर हातपाय धुणारी माणसंही गप्प झाली. पुण्यानुमोदनाला येते, पुढच्या रविवारी, म्हणाली, तवा आन. मनगटावर तिच्या पाच बोटांचे वळ दुसऱ्या दिवसापर्यंत होते. शीलाला ते वळ सोन्याच्या पाटलीसारखे वाटले. आपण मायलेकींच्या मधला पूल झालो, असं तिच्या मनात येऊन गेलं.

बुधवारी सकाळी लाईन होती. कोरी सीडी घेऊन ती बसली. आधी ध्वनी-नऊ उघडली. उघडताना तिनं पदर सारखा केला, जशी आत्याच समोर बसणार होती.

“…तर शेतकरी बंधूभगिनींनो, फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधणं किती आवश्यक आहे…”

तिला वाटलं चुकीची फाईल उघडली. पुन्हा बघितलं. नऊच होती. आठ उघडली. साहेब. सात, साहेब. सहामध्ये खताच्या कंपनीचा माणूस, मागं माईकची शीळ. एक उघडली तर सरपंच शाल देत होते आणि टाळ्या वाजत होत्या. त्या टाळ्या ती शेवटपर्यंत ऐकत बसली, कारण नंतर जातं ऐकू येईल असं तिला वाटत राहिलं.

मग जुळी आठवली. दोन ठिकाणी ठेवलेली वस्तू जात नसते. तिनं दुसरी प्रत उघडली. तिथंही तेच रुमाल, तीच शाल, त्याच टाळ्या. जुळीनं बेइमानी केली नव्हती. पहिलीचं जे झालं ते दुसरीचं, हाच तिचा धर्म.

वामनरावांना तिनं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, हे पुन्हा सांगायला हवं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, हळहळले. मग त्यांनी कप्प्याकडं बघून विचारलं की निवेदनं सगळी नीट आहेत ना? ती नीट होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. अहवालात गाणी नव्हतीच, ते म्हणाले, त्यामुळं तसं काही अडत नाही.

“दुसऱ्या बायांच्या घ्या की शीलाताई,” ते पुढं म्हणाले. “फुलसावंगीत ओव्या म्हणणाऱ्या काय कमी आहेत?”

शीलाला वाटलं, या माणसाच्याही आत कुठंतरी त्या चौकोनावर खूण झालेली आहे.

बसस्टँडजवळ अमरसिंगचं दुकान होतं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. तांड्यावरचा बंजारा पोरगा, नागपूरला शिकून आलेला, जिभेचा तिखट. शीलानं केंद्राच्या कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घालून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आधी हसला.

“हमालाले प्रश्न विचारू देत नाही, मंग हमाल कायले ठेवता? ढकलगाडी ठेवा.”

पण तिचं तोंड बघून तो थांबला. सेल दुपारभर बाहेर राहिले तेव्हाच मशीन सगळं विसरलं, हे त्यानंच ओळखलं. त्यानं समजावून सांगितलं की फाईल पुसली तर नुसतं नाव जातं, दाणा मातीत राहतो, उकरून काढता येतो. पण त्याच जागेवर दुसरं पेरलं की मग काय उकरणार? आणि पौषापासून या डब्यावर सतत काहीतरी लिहिलं गेलंय, रोज, दोनदोन वेळा. त्याच्याजवळ एक छोटा प्रोग्राम होता, हरवलेलं धुंडाळणारा. लावून बघतो म्हणाला. लाईन जात येत होती, त्याचं यंत्र थांबत होतं, पुन्हा पहिल्यापासून. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी तिला दुकानातून बोलावणं आलं.

“एक तुकडा घावला,” अमरसिंग म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. “शेपटाचा हाय. तुह्या आत्याची फाईल साहेबाच्या फाईलीहून लांब होती, तं शेवटचा कोपरा तेवढा तुडवल्या गेला नाही. अकरा सेकंद.”

त्यानं तो वाजवला. आधी खरखर. मग जात्याचा एक फेरा, अर्धाच, थांबता थांबता. मग आत्या, अगदी जवळून, जशी मशीनवर वाकली असावी:

“झालं वं. बंद कर तो लाल डोया, सेल जळून राह्यले. काढून ठेव अन् उनात ठेव. उनात ठेवले का जीव येते त्यायले.”

बस. पुढं काही नाही.

शीला दुकानातल्या स्टुलावर बसून राहिली. आत्या काय सांगत होती आणि आपण पौषात छपरावर चढून काय केलं, हे दोन्ही तिला एकदमच दिसलं. जे ऐकायला हवं होतं ते तिनं ऐकलं नव्हतं; आणि जे ऐकलं, ते शब्दाशब्दानं पाळलं होतं.

अमरसिंगनं तो तुकडा मशीनमध्ये भरून दिला.

रविवारी फुलसावंगीला आत्याच्या दारापुढं मांडव होता. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, भंतेजींची शांत वंदना. उर्वशीनं बाभुळगावहून सीडी वाजवायचा डबा आणला होता, नवाकोरा, खोक्यासकट. तो तिनं आईच्या फोटोखाली, फुलांशेजारी ठेवला होता. शीलानं मशीन पिशवीत आणखी आत सरकवलं. बाया कुजबुजत होत्या की प्रभावती आज म्हणणार आहे. म्हातारी रुपीबाई, जिनं आत्यासोबत तीस वर्षं कापूस वेचला, ती तर अगदी पुढं येऊन बसली होती, कानाला हात लावून.

वंदना संपली, खीर वाटली गेली, आणि उर्वशीनं डोळ्यानंच विचारलं. शीला तिला हात धरून घराच्या मागं घेऊन गेली. तिथं ओट्यावर दुपारचं ऊन पडलं होतं. तुरीच्या शेंगांची फोलपटं एका कोपऱ्यात तशीच होती, आत्यानं झाडायची राहिलेली.

तिनं सगळं सांगितलं. हमाल, चौकोन, छप्पर, साहेब. काही लपवलं नाही आणि स्वतःच्या बाजूनंही काही जोडलं नाही. उर्वशी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट निघून जात होती, जशी हळूहळू दिवे विझत जावेत.

“त्या साहेबाचं भाषन कोनी मांगलं होतं?” तिनं विचारलं.

शीलानं पिशवीतून मशीन काढून मांडीवर ठेवलं.

“तुनं तं ऐकली असन ना. तू बसली होती समोर.”

शीलानं पहिल्या दोन ओळी म्हटल्या. म्हटल्या म्हणजे गायल्याच, आत्याच्याच चालीत, कारण दुसरी चाल त्या ओळींना नव्हती. उर्वशीनं डोळे मिटले. ओठ हलले, लेकीले दूर देल्लं, असे.

“अन् पुढं?”

पुढं पाटीचं काहीतरी होतं. शीलाच्या तोंडात ठेका आलेला होता, आत्याच्याच घरचा ठेका, तिच्याच मांडीवर शिकलेला. आणि ओळी आल्या. आपोआप, न बोलावता, एकीमागून एक:

पाटी तुह्या हातची मीच ठेवली दूर
आता डोयाले माह्या सुकत नाही पूर

चांगल्या होत्या. आत्यानंच म्हटल्यासारख्या. शीलाला त्यांची भीती वाटली. ओठ उघडले की झालं. उर्वशीला कधी कळणार नव्हतं, ती या दोन ओळी उशाशी घेऊन आयुष्यभर निजली असती. आईनं क्षमा मागितली, असं पोरांना सांगितलं असतं. कोणाचं काय वाईट होणार होतं? पण आत्याच्या जागी दुसरंच काही ठेवायचं एकदा करून झालं होतं तिच्या हातून. तेव्हा निदान तिला ठाऊक नव्हतं.

तिनं ओळी गिळल्या.

“नाही आठवत, अक्का,” ती म्हणाली. “पाटीचं काही होतं. पुढचं मी ऐकलंच नाही.”

उर्वशीनं हात पुढं केला. शीलानं मशीन दिलं, बटण दाखवलं. अर्धा फेरा जात्याचा. मग तो आवाज. ओट्यावरून, परसातून, जणू आत्या आताच आत चूल फुंकत असावी तसा. उर्वशी ताठ झाली. दुसऱ्यांदा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवताना तिनं मशीन कानाशी इतकं दाबलं की गालावर त्याच्या कडा उमटल्या. समोरून रुपीबाईचा आवाज आला, पोरीहो, लावता का, मले जनावरं पाह्याची हायेत.

उर्वशीनं मशीन खाली घेतलं.

“हे ती तुले म्हनून राह्यली,” ती म्हणाली. “मले नाही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शीलाला बरं वाटलं असतं.

मग उर्वशीनं मशीन उलटं केलं, नखानं मागचं झाकण सरकवलं आणि दोन्ही सेल काढले. ओट्याच्या काठावर, जिथं ऊन सगळ्यात जास्त होतं, तिथं ते शेजारी शेजारी ठेवले. घरंगळू नयेत म्हणून मागं एक खडा लावला. रिकामं मशीन तिनं शीलाच्या हातात दिलं आणि पदर डोक्यावरून घेऊन पुढच्या अंगणात गेली. तिथं ती बायांना सांगत असलेलं शीलाला ऐकू आलं की काही नाही, बिघडलं म्हणते मशीन, चला, खीर घ्या.

रुपीबाईनं तोंडानं च्यक् केलं. कोणीतरी नवा डबा फोटोखालून उचलून खोक्यात घालत होतं. थर्माकोलचा करकर आवाज येत होता.

शीला ओट्यावरच थांबली. मशीनचा पडदा काळा होता. मशीन आठवण धरून ठेवतं तेवढं मिनिटभर तिनं मनातल्या मनात मोजलं, साठपर्यंत. मग मोजणं सोडून दिलं.